मागच्या गेटचे कॅमेरे आणि ए विंगच्या गच्चीवरचा वायरलेस खांब

सेक्रेटरी (बी-201): नमस्कार. पेव्हर ब्लॉकच्या कामात मागच्या गेटच्या कॅमेऱ्यांची केबल तुटली आहे. ती पुन्हा टाकायची तर नवीन रस्ता उकरावा लागेल. व्हेंडरने वायरलेसचा पर्याय दिलाय. ए विंगच्या गच्चीवर खांब, त्यावर एक रेडिओ (कॅमेऱ्याचं चित्र हवेतून पाठवणारं-घेणारं यंत्र) आणि दुसरा गेटच्या केबिनवर. एका दिवसात काम होईल म्हणतो. पाऊस तोंडावर आहे, लवकर ठरवूया.

सी-604: करून टाका साहेब. फक्त फुल पॉवर लावायला सांगा, पावसात सिग्नल जायला नको.

ए-1402: खांब कशावर उभा करणार ते आधी सांगा. कोणीतरी डिश बसवताना स्लॅबमध्ये बोल्ट मारले होते, त्यातून दोन पावसाळे माझ्या बेडरूममध्ये पाणी गळत होतं. वॉटरप्रूफिंगवर सोसायटीचा केवढा खर्च झाला ते सगळ्यांना माहीत आहे. आता एकही भोक नको.

ए-302: आम्हा म्हाताऱ्यांचा प्रश्न. हा टॉवरच झाला ना? रेडिएशनचं काय? आणि सरकारी परवानगी?

ए-1104: काका, मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हा मोबाईल टॉवर नाही. वाय-फायच्याच जातीचं यंत्र आहे, फक्त एका दिशेने पाठवणारं. 2.4 गिगाहर्ट्झ पट्टा भारतात 2005 च्या नियमांनी परवानामुक्त झाला. 5 गिगाहर्ट्झचे पट्टे घराबाहेर वापरायला 2018 च्या अधिसूचनेने मोकळे झाले. त्यामुळे सोसायटीला परवाना काढावा लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणजे नियम नाहीत, असं मात्र नाही, आणि व्हेंडर नेमकं हेच सांगत नाहीत. 2.4 साठी ट्रान्समीटर जास्तीत जास्त 1 वॅटचा आणि अँटेना धरून 4 वॅट, अँटेना गच्चीपासून 5 मीटरच्या आत आणि इमारत अधिकृत हवी. 5 गिगाहर्ट्झमध्ये प्रत्येक पट्ट्याची मर्यादा वेगळी आहे. शिवाय यंत्राला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी (वायरलेसचं काम बघणाऱ्या) विभागाची ईटीए, म्हणजे मान्यता हवी. कोटेशनमध्ये मॉडेल नंबरसोबत ईटीए नंबर लिहून घ्या. देत नसेल तर त्या माणसाकडून घेऊ नका.

ए-1104: रेडिएशनबद्दल. मोबाईल टॉवरसाठी आपल्याकडे 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा आहे. 2 गिगाहर्ट्झच्या वर ती दर चौरस मीटरला 1 वॅट येते. आता पूर्ण 4 वॅट सोडले आणि माणूस अँटेनाच्या बरोबर समोर 5 मीटरवर उभा राहिला, तरी हिशेब दर चौरस मीटरला 0.013 वॅटच्या आसपास येतो. म्हणजे मर्यादेच्या सत्तर-ऐंशी पटीने कमी. अँटेनाच्या खाली आणि मागे त्याहूनही खूप कमी, त्यात मध्ये स्लॅब. चौदाव्या मजल्यावरच्या कोणीही काळजी करू नये. फक्त खांब असा लावायचा की टाकी साफ करणारा माणूस अँटेनाच्या तोंडासमोर उभा राहून काम करणार नाही.

ए-302: धन्यवाद ताई. आकड्यात सांगितलंत, बरं वाटलं.

सी-604: मग 4 वॅटची परवानगी आहे तर फुल पॉवर ठेवायला काय हरकत?

ए-1104: गरजच नाही. गच्ची ते केबिन अंतर जेमतेम 200 मीटर. दोन्हीकडे 16 डीबीच्या, म्हणजे सिग्नल एका दिशेला एकवटणाऱ्या अँटेना असतील तर 10 मिलिवॅटमध्ये उत्तम सिग्नल येतो. जवळच्या रेडिओवर जास्त पॉवर मारली तर समोरच्याचा रिसीव्हर उलट गुदमरतो आणि चित्र अडकतं. व्हेंडरची एक सवय मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. सेटिंगमध्ये देश भारताऐवजी दुसराच निवडायचा, म्हणजे जास्त पॉवर आणि हवे ते चॅनल उघडतात. हे बेकायदा आहे. आणि त्याचा फटका कोणाला बसतो बघा. 5 गिगाहर्ट्झच्या मधल्या चॅनलवर हवामानाचे रडारही चालतात. आपल्या अंधेरीतच वेरावलीला हवामान खात्याचा सी-बँड (म्हणजे याच 5 गिगाहर्ट्झच्या आसपासचा) डॉप्लर रडार 2022 पासून आहे. रडारची चाहूल लागली की यंत्राने आपणहून चॅनल सोडावा अशी सोय त्यात असते, ती बंद करायची नाही. मुंबईत पावसाचा इशारा कशाच्या जोरावर मिळतो ते आपण दर जुलैत बघतोच. आपल्या चार कॅमेऱ्यांसाठी त्यात खोडा घालणं मला तरी पटणार नाही.

सी-604: हे माहीत नव्हतं. मग पावसात सिग्नल जाणार नाही ना?

ए-1104: एवढ्या अंतरावर पाऊस काही करत नाही. खरी अडचण मधल्या गुलमोहराची आहे. आत्ता मे महिन्यात फुलं जास्त, पानं कमी, म्हणून गच्चीवरून केबिन दिसते. जुलैत तोच गुलमोहर गच्च हिरवा आणि ओला असेल, आणि ओली पानं 5 गिगाहर्ट्झ पितात. नुसती नजर पोचून भागत नाही, त्या रेषेभोवती मध्यावर सव्वा मीटर तरी मोकळी जागा लागते. झाड तोडायचा विषयच नको, छाटायलाही पालिकेची परवानगी लागते. खांब गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात सरकवला तर रेषा झाडाच्या बाजूने जाईल असं वाटतं.

ए-1402: ताई, भोकांचं राहिलं.

ए-1104: नाही राहिलं, तेच लिहीत होते. स्लॅबला भोक नाहीच. पॅरापेटला, म्हणजे गच्चीच्या कठड्यालाही मी नको म्हणेन, आपला प्लास्टर तिथे पोकळ वाजतो. लोखंडी चौकट, खाली रबरी मॅट, वर काँक्रीटचे ब्लॉक ठेवून वजनाने उभा राहणारा स्टँड करून घ्यायचा. ब्लॉक किती लागतील ते वाऱ्याच्या हिशेबाने आणि सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच. 2020 च्या निसर्ग आणि 2021 च्या तौक्ते वादळात पत्रे कसे उडाले ते आठवा. खांब दोन मीटरचा पुरे, उंचीचा हव्यास नको. आणि पावसाचं पाणी जायची मोरी अडता कामा नये.

बी-903: इलेक्ट्रिशियन म्हणाला अर्थिंग नळाच्या पाइपला देऊ, नाहीतर न्यूट्रलला जोडू. चालेल का?

ए-1104: दोन्ही अजिबात नाही! आपले पाइप आता प्लास्टिकचे आहेत, तिथे अर्थ मिळणारच नाही. आणि न्यूट्रलला जोडून कुठे वायर सुटली तर अख्खा खांब करंट मारेल. हात लावणारा माणूस जाईल. खांबापासून तांब्याची जाड वायर किंवा पट्टी, कमीत कमी वळणांनी, इमारतीच्या अर्थिंगला आणि वीजरोधकाच्या व्यवस्थेला जोडायची. वीजरोधकाच्या सळईवर रेडिओ बांधायचा नाही, तिच्यापेक्षा चांगला खाली आणि बाजूला ठेवायचा. केबल इमारतीत शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा), त्याचं अर्थिंगही त्याच जागी. केबल बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची, शील्ड असलेली. साधी राखाडी केबल उन्हात दोन वर्षांत तडकते. आणि आत शिरण्याआधी केबलला खाली लोंबणारा वळसा द्यायचा, म्हणजे पाणी तिथून टपकतं. नाहीतर पाणी केबलवरून सरळ नेटवर्कच्या स्विचमध्ये (सगळ्या केबल जोडायच्या डब्यात) उतरतं. एवढ्या एका वळशावाचून जळलेले स्विच मी हाताळलेत. वायर लिफ्टच्या डक्टमधून किंवा विजेच्या मेनच्या सोबत न्यायची नाही.

ए-1104: आणखी एक, हे कृपया सगळ्यांनी वाचा. काम सकाळी करायचं. वळवाच्या पावसात दुपारनंतर ढग जमतात, विजा तेव्हाच जास्त. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलवर घ्या, जवळपास वीज पडत असेल तर ते कळवतं. गडगडाट ऐकू आला की गच्ची रिकामी. दोन माणसं, दोघांना पूर्ण अंगाचा हार्नेस. व्हेंडरचा मुलगा चप्पल घालून पॅरापेटवर चढला तर कोणीही असो, काम तिथेच थांबवा. खाली त्याच्या घरचे वाट बघत असतात.

सी-404: एक विचारू? स्टिल्ट पार्किंगमध्ये मोबाईलला रेंजच नाही. ऑनलाइन बूस्टर मिळतो, वर अँटेना लावायची. खांब होतोच आहे तर तोही त्यावर लावू या का?

ए-1104: नाही. तो बूस्टर परवान्याशिवाय लावणं, विकणं, बाळगणंही बेकायदा आहे. तो मोबाईल कंपन्यांच्या पट्ट्यात सिग्नल सोडतो. स्वस्त बूस्टर स्वतःचाच सिग्नल पुन्हा पकडून, माईकसारखा, शिट्टी मारायला लागतो आणि आसपासच्या टॉवरचं ऐकू येणं बंद होतं. आपल्या पार्किंगपायी पलीकडच्या गल्लीतल्या कोणाची ॲम्ब्युलन्सची हाक लागणार नाही. दूरसंचार खात्याची माणसं यंत्र घेऊन शोधत येतात आणि उचलून नेतात. सोसायटीच्या लेटरहेडवर कंपनीकडे तक्रार करू, इमारतीत आतली व्यवस्था ती कंपनीच करू शकते. तोवर पार्किंगमध्ये वाय-फाय देऊन वाय-फाय कॉलिंग वापरता येईल.

बी-903: वॉचमनचे वॉकीटॉकी?

ए-1104: 446 मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातले, ईटीए असलेलेच घ्या. बाकीचे परवान्याशिवाय चालत नाहीत. अशा सेटच्या ऑनलाइन विक्रीबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

सेक्रेटरी (बी-201): मॅडम, फार उपयोगी पडलं. गच्ची सामाईक आहे, त्यामुळे कमिटीचा लेखी ठराव करतो. व्हेंडरकडून नवीन कोटेशन मागवतो. ईटीए, स्टँड, अर्थिंग, हार्नेस सगळं त्यात लिहून. खर्च वाढेल.

ए-1104: वाढू दे साहेब. काम झाल्यावर अर्थिंग मीटर लावून मोजायचं आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. सेटिंगच्या पानाचा फोटोही, देश इंडिया दिसेल असा. ॲडमिनचा पासवर्ड बदलून बंद पाकिटात ऑफिसमध्ये. बाकी पैसे त्यानंतरच.

ए-1402: स्टँडची जागा ठरवताना मला बोलवा. माझी बेडरूम नेमकी कुठे येते ते मी दाखवतो.

सेक्रेटरी (बी-201): रविवारी सकाळी 8 वाजता गच्चीवर. ए-1402, ए-1104 आणि कमिटीचे दोघे. चावी वॉचमनकडे ठेवतो 🙏