कंडेन्सर माइकवर गिटार घुमते; काय करावे?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): कंडेन्सर माइकला 48 व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) देऊन, तो ध्वनिछिद्रासमोर 10 सेंमीवर ठेवून गिटार ध्वनिमुद्रित केली, आवाज घुमतो आणि कौलांवरचा पाऊसही ऐकू येतो. माझे काय चुकते आहे?

उत्तर (निपाणी): छिद्रासमोर खर्ज सर्वाधिक असतो, शिवाय कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) माइक जवळ नेला की खर्ज आणखी फुगतो, म्हणून माइक बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची आडवी धातूची पट्टी) 25-30 सेंमीवर नेऊन किंचित छिद्राकडे वळवावा आणि आवाजातला 80 हर्ट्झखालचा (अतिखर्जाचा) भाग कापावा.

उत्तर (खानापूर): वादकाच्या पाठीमागे जाड वाकळ टांगावी, कारण माइकचे तोंड तिकडेच असते. पावसावर मात्र इलाज नाही. आम्ही उघडीप पाहूनच ध्वनिमुद्रण करतो.

प्रश्नकर्ता: माइक हलवताच घुमणे बरेच कमी झाले, आभारी आहे. वाकळ आजीकडून मागून घेतो.