मदत हवी आहे: दहावीतला मुलगा हातातून निसटतोय

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका हायस्कुलात गणित शिकवते. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली आणि माझ्या वर्गातला एक मुलगा मामाच्या होडीवर जायला लागला. वडील मुंबईला, घरी आजी. पहाटे बंदरावर मासळी उतरवून थेट शाळेत येतो, तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकतो. पोरं नाक धरतात, म्हणून हल्ली एकटाच मागे बसतो.

डोकं कमी नाही हो त्याला. मासळीचे वाटे, पैशांचा हिशेब तोंडी चुटकीसरशी करतो. तेच समीकरण वहीत आलं की पेन थांबतं. परवा वही उघडली तर अर्ध्या पानांवर नुसत्या होड्या, दोरखंडासकट.

आजी म्हणाली, "बाई, शाळा सोडून बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरू काय?" मला पटत नाही. आहे ती सोबतही जाईल. दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला जाता येतं, हे सांगितलं तेव्हा जरा निवळली.

आता काळजी वेगळीच आहे. मधल्या सुट्टीत डबा उघडत नाही, कुणाशी बोलत नाही. मनाच्या त्रासावर बोलायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मी लावूनही दिला, पठ्ठ्या गप्प.

अशा मुलाला बोलतं कसं केलंत? त्याला वर्गासमोर न आणता चिडवणं कसं थांबवलंत? आणि दापोली-खेड भागात शाळेत येणारे समुपदेशक कुणाच्या माहितीत आहेत का? सहामाही तोंडावर आली आहे.