अपघाती मृत्यूनंतर विम्याचे पाच लाख घ्यावेत की दावा लढवावा?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

रस्ता अपघातात घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्याच्या आत कुणीतरी फॉर्म घेऊन दारात येतं. "पाच लाख लगेच, कोर्टकचेरी नको, इथे सही करा." माझं मत: ती सही करू नये. निदान हिशेब मांडून होईपर्यंत तरी नाहीच.

हे पाच लाख मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ चे. त्यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, हा त्याचा गुण. खोच आहे ती कलम १६६ च्या (चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायच्या कलमाच्या) परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अटीत: कलम १४९ च्या पद्धतीने, म्हणजे विमा कंपनीशी तडजोड करून, ही रक्कम स्वीकारली की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला दावा संपतो. फॉर्म आणणारा हे सांगत नाही.

आता हिशेब. वय ३४, वागळे इस्टेटमध्ये खासगी नोकरी, महिना ३२,००० पगार. मागे बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे ३,८४,०००. ठरावीक पगार आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भावी वाढीचे ४० टक्के धरून ५,३७,६००. अवलंबून चौघं, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले ४,०३,२००. ३१ ते ३५ वयाला गुणक (वयानुसार किती वर्षांचं उत्पन्न धरायचं तो आकडा) १६, म्हणजे ६४,५१,२००. सहवास गमावल्याबद्दल चौघांना प्रत्येकी ४८,४००, शिवाय संपदेची हानी आणि अंत्यविधी यांचे प्रत्येकी १८,१५०. एकूण ६६,८१,१००, वर दावा दाखल झाल्यापासून व्याज. गुणक 'सरला वर्मा' (२००९) निकालातला, भावी वाढ आणि शेवटच्या रकमा 'प्रणय सेठी' (२०१७) मधल्या, दर तीन वर्षांची १० टक्के वाढ २०२३ पर्यंत धरून.

एकीकडे पाच, दुसरीकडे सदुसष्ट. यात चर्चा कसली करायची?

बेलापूर_पूर्व

चर्चा आहे, कारण तुम्ही सोयीचं उदाहरण घेतलंत. ६८ वर्षांची गृहिणी रस्ता ओलांडताना गेली असं धरा. घरकामाचं मूल्य महिना १०,००० धरलं, खर्चाचा तिसरा हिस्सा काढला, तर वर्षाचे ८०,०००. पासष्टच्या पुढे गुणक ५. झाले चार लाख, वर सहवास, अंत्यविधी वगैरेच्या थोड्या ठरलेल्या रकमा. त्यासाठी म्हाताऱ्या नवऱ्याने ठाणे कोर्टाच्या पायऱ्या किती वर्षं झिजवायच्या?

दुसरं, कलम १६६ मध्ये समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. तपासात मृताचीच चूक निघाली, म्हणजे उलट्या दिशेने येणं किंवा सिग्नल तोडणं, तर तुमच्या ६७ लाखांतला मोठा भाग सहदोषापोटी कापला जातो. संपूर्ण चूक त्याचीच ठरली तर शून्य. अशा घराला कलम १६४ हाच आधार आहे. "सही करू नका" हा सरसकट सल्ला धोक्याचा आहे.

घोडबंदरकर

वृद्धांच्या बाबतीत मान्य. पण चूक कुणाची हे पहिल्या पंधरा दिवसांत कुणाला कळलेलं असतं? पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा, असं २०२२ चे नियम सांगतात. तो सविस्तर अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा हातात आल्यावर ठरवा. त्याआधी नव्हे.

दोषारोप

तुम्ही दोघंही कागदपत्रं आपोआप नीट तयार होतात असं धरून चालला आहात. दावे पडतात ते तिथेच. मी पाहिलेल्या फाइलींमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी:

नोंद फक्त 'अकस्मात मृत्यू' म्हणून होते आणि गुन्हा दाखलच होत नाही. मग निष्काळजीपणाचा पुरावा कुटुंबाला एकट्याने उभा करावा लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली गुन्हा नोंदवा, असा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोलीस ठाण्यात दाद लागत नसेल तर अर्ज वरिष्ठांना पाठवावा, तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं.

सीसीटीव्ही. दुकानं आणि सोसायट्यांचं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसलं जातं. कॅमेरा नेमका कुठे आहे हे लिहून तपास अधिकाऱ्याकडे जप्तीची मागणी पहिल्या आठवड्यातच करावी.

उत्पन्नाचा पुरावा. रोखीत पगार असेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास येतं आणि वरचा सगळा गुणाकार कोसळतो. पगाराच्या स्लिपा नसतील तर बँक खातं, आयकर विवरण, रिक्षाचं परमिट, दुकानाचा गुमास्ता परवाना, जे असेल ते जमवा. मालकाचं नुसतं पत्र पुरत नाही, तो साक्षीला यावा लागतो. आणि तो सहसा येत नाही.

मुदतही लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) प्रमाणे दावा सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि केवळ मुदतीच्या कारणावर दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. अंतरिम आदेश कधीही बदलतो, त्याच्या भरवशावर झोपू नये.

कापूरबावडी_जंक्शन

आपल्याकडचा खरा प्रश्न निराळा आहे. दुचाकी खड्ड्यात आपटली, माणूस पडला, मागून डंपर आला. चूक कुणाची? डंपरवाला म्हणणार तो समोर अचानक पडला. महापालिका म्हणणार रस्ता सार्वजनिक बांधकामचा.

१३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूंसाठी वारसांना सहा लाख ठरवून दिले. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. रस्ता एमएमआरडीए, एमएसआरडीसी, सार्वजनिक बांधकाम किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असेल तर त्या-त्या यंत्रणेचा प्रमुख आणि तेच सचिव. दाव्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर ९ टक्के व्याज. घोडबंदरकर, हे सहा लाखही नाकारायचे का?

घोडबंदरकर

अजिबात नाही, आणि दोन्हींची गल्लत होऊ नये. खड्ड्याची भरपाई इतर उपायांच्या जोडीला आहे, ती घेतल्याने डंपरवरचा दावा संपत नाही. कलम १६४ चे पाच लाख मात्र तडजोडीत घेतले की दार बंद.

पण पंचनाम्यात खड्डा आलाच पाहिजे. लांबी, रुंदी, खोली, जवळचा दिव्याचा खांब किंवा दुभाजकाचा क्रमांक, पाणी साचलं होतं का, हे सगळं. खड्डे रातोरात बुजवले जातात (माणूस गेल्यावर ही कार्यक्षमता कुठून येते देव जाणे). त्या दिवशीचे, ठिकाण आणि वेळ दिसेल असे फोटो नसतील तर समितीपुढे हात रिकामे.

बेलापूर_पूर्व

डंपर नसेल आणि माणूस स्वतःच्याच गाडीवरून पडून गेला असेल, तर कलम १६६ विसरा. मालक स्वतः 'तृतीय पक्ष' (विमा कराराबाहेरचा माणूस) नसतो. अशा वेळी पॉलिसीतला मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा बघावा. वैध लायसन्स नसेल तर तोही हातचा जातो. पॉलिसीत असा विमा आहे हे घरच्यांना ठाऊकच नसतं. पॉलिसीचा कागद फक्त वाहतूक पोलिसांना दाखवण्यापुरता जपलेला असतो.

पळून गेलेल्या, न सापडलेल्या गाडीसाठी कलम १६१ खाली दोन लाख. अर्ज विमा कंपनीकडे नाही, प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा. गाडी पुढे सापडली आणि नियमित भरपाई मिळाली तर ही रक्कम परत द्यावी लागते.

दिवा_लोकल

सगळं रस्त्यावरच चाललंय. ठाणे जिल्ह्यात रुळांवरही माणसं जातात. ९ जून २०२५ ची मुंब्र्याची, लोकलमधून प्रवासी पडून गेल्याची घटना फार जुनी नाही. तिथे गुणक वगैरे काही नाही: रेल्वे कायद्याचं कलम १२४अ, मृत्यूला सरसकट आठ लाख, १ जानेवारी २०१७ पासून. पगार वीस हजार असो की दोन लाख. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे, मुदत एक वर्ष.

इथे सगळा वाद दोन गोष्टींवर होतो. पहिली, तिकीट किंवा पास. लोहमार्ग पोलिसांच्या मरणोत्तर पंचनाम्यात पास सापडल्याची नोंद आहे का ते बघा. मोबाइल तिकीट असेल तर फोन कुणाच्या ताब्यात आहे ते शोधा. काहीच सापडलं नाही तरी 'रीना देवी' (२०१८) निकालाप्रमाणे वारसांनी संबंधित वस्तुस्थितीचं शपथपत्र द्यावं, मग सिद्ध करण्याचा भार रेल्वेवर जातो. दुसरी, तो गाडीतून पडला की रूळ ओलांडत होता. रेल्वे 'रूळ ओलांडत होता' म्हणते, कारण मग भरपाई नाही. दारात लटकणं हा मृताचा दोष असं म्हणून मात्र दावा फेटाळता येत नाही. त्याच निकालात ते स्पष्ट आहे.

तळवली_शिफ्ट

कामावरच्या मृत्यूचं थोडक्यात. टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्यात कंत्राटी कामगार गेला की मूळ कंपनी कंत्राटदाराकडे बोट दाखवते. कायद्याने मुख्य मालकही जबाबदार असतो. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) विमाधारक असेल तर भरपाईचा वेगळा दावा नाही, अवलंबितांना दरमहा वेतनाच्या ९० टक्के लाभ. ईएसआय नसेल तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं सूत्र: वेतनाच्या निम्मे गुणिले वयाचा घटक, वेतनाची मर्यादा १५,०००. तिशीच्या कामगाराला ७,५०० × २०७.९८, म्हणजे १५,५९,८५०. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्यानंतरच्या घटनांना अर्ज तिच्याखाली लिहावा.

बेलापूर_पूर्व

मूळ मुद्द्यावर येतो. समजा दावा लावला. पाच वर्षांनी निकाल, मग कंपनीचं उच्च न्यायालयात अपील. लोकअदालतीत ४५ लाखांवर तडजोड झाली तर तिच्यावर अपील नाही, चेक हातात. मुलांच्या फीला आज पैसे लागतात.

घोडबंदरकर

लोकअदालतीला माझा विरोध नाही, घाईला आहे. दोषारोपपत्र आणि उत्पन्नाची कागदपत्रं दाखल झाल्यावर जा. कंपनीकडून आकडा नुसता तोंडी घेऊ नका. उत्पन्न किती धरलं, भावी वाढ दिली का, गुणक कोणता, व्याज किती टक्के आणि कधीपासून, हे कागदावर मागा. बहुतेक वेळा भावी वाढ गाळलेली असते किंवा व्याज सोडायला लावलेलं असतं. ६७ चे ५५ होत असतील तर विचार करा, ३० होत असतील तर उठून या. अपिलात स्थगिती मिळवायला कंपनीला बहुधा रक्कम जमा करावी लागते आणि त्यातला काही भाग काढण्याची परवानगी मागता येते.

दोषारोप

वकिलाबद्दल एक. मिळणाऱ्या रकमेवर टक्का ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तरी हॉस्पिटलच्या दारात वीस-पंचवीस टक्क्यांवाले एजंट कोऱ्या वकीलपत्रासह उभे असतात. विधवेला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, महिला म्हणून.

खारघर_से१२

आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबासाठी विचारतोय. अपघात सायन-पनवेल महामार्गावर वाशीजवळ, कुटुंब खारघरला. सासू आणि सून वेगळ्या राहतात, बोलत नाहीत. दावा ठाण्यात की रायगडमध्ये? आणि दोघींनी वेगवेगळा लावायचा का?

दोषारोप

अपघाताचं ठिकाण, अर्जदाराचं राहण्याचं ठिकाण किंवा प्रतिवादीचं ठिकाण, यांपैकी कुठेही चालतो. म्हणजे ठाणेही चालेल आणि रायगडही. दावा एकच असू द्या. सासू अर्जदार व्हायला तयार नसेल तर तिला प्रतिवादी करा, हिस्सा न्यायाधिकरण ठरवेल. दोन दावे दोन जिल्ह्यांत लागले तर ते एकत्र करण्यातच वर्ष जाईल. अज्ञान मुलांचा हिस्सा ती १८ वर्षांची होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहतो, हे सुनेला आधीच सांगून ठेवा.