सगळं नीटच लावायचं, म्हणून काहीच लागत नाही

प्रश्न (जुळे सोलापूर): कपाट एकसारख्या डब्यांत, लेबलं लावून आवरायचंय. मनासारखे डबे मिळेपर्यंत चादरी, टॉवेल, बिलं सगळं दिवाणावरच साठलंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: डबे सगळ्यात शेवटी. आधी घेतले की मापं चुकतात आणि रिकामे डबेच नवा पसारा होतात. 20 मिनिटांचा गजर, एकच कप्पा, तीन ढीग: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. निर्णय अडला तर वस्तू पिशवीत, पिशवीवर तारीख. आणि ‘योग्य माणसालाच देऊ’ हा हट्ट सोडा. अर्धा माळा त्यानेच भरतो.

उत्तर २: चादरींचं वेगळं. सोलापुरी चादर जाड सुती, तिची दुकानातल्यासारखी काटेकोर घडी घरी टिकत नाही, ढीग कलंडतो. लांबीत दोनदा दुमडा, गुंडाळी करून उभी ठेवा. मधली काढली तरी बाकीच्या ढासळत नाहीत. पावसाळ्यात दमट राहिलेली आत घालू नका, कुबट वास धरते.

उत्तर ३: बिलांना वर्गवारी कशाला? एकच फाईल, नवं वर. वॉरंटीची तेवढी वेगळी.

प्रश्नकर्ती: आणि लेबलं?

उत्तर १: महिनाभर वस्तू आपोआप त्याच जागी परत गेली, तरच.