पूरछावणीच्या ड्युटीसाठी सिस्टर तयार कशा करायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यातल्या एका खाजगी दवाखान्यात मी इन्चार्ज सिस्टर आहे. पावसाळ्याआधी आठ जणींचं पूरपथक उभं करायचंय. नोटीस बोर्डावर कागद लावला. आठवड्यात दोन नावं आली, त्यातलं एक माझंच.

आमच्याकडे पूर कुणाला नवा नाही. कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. वरून सांगणं आलं, मुलींना मोटिव्हेट करा. वक्ते बोलावले. नाइटिंगेलबाई झाल्या, त्यांचा दिवा झाला, टाळ्या झाल्या. तिसरं नाव काही आलं नाही.

मग चहाच्या वेळी एकेकीला गाठलं. एक म्हणाली, "मॅडम, पाणी आलं की पहिलं माझंच घर जातंय. सासूबाई आणि म्हैस कोण हलवणार?" दुसरी २०१९ ला माझ्याबरोबर शाळेतल्या छावणीत पाच दिवस होती. दोनशे माणसांत दोन संडास, त्यात तिची पाळी आलेली. परत आल्यावर त्यातले दोन दिवस रजेत धरले. ती आता कशाला हात वर करेल?

प्रशिक्षणाचीही तीच गत. सीपीआर दरवर्षी होतं, ट्रायाजचे, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवण्याचे, लाल-पिवळे-हिरवे-काळे टॅग पाठ आहेत. पण छावणीत मला लाल टॅग एकदाही लागला नाही. लागलं काय, तर चिखल्यांचं मलम, ओआरएस, तापाच्या गोळ्या. आणि ओली पिशवी उघडून "ती बारकी पिवळी, सकाळची, ती द्या" म्हणणाऱ्या आजी. गोळ्या कागदाच्या पुडीत, नाव कशावरच नाही. बीपीची का साखरेची?

तर असं पथक कुणी बांधलंय का? सराव कसला घेतला? आणि व्यवस्थापनाकडून लेखी काय काय घेतलं?

प्रतिसाद:
ताई, मी २०२१ च्या पुरात चिपळूणला होते. भाषणं बंद करा. आधी कोण कुठे राहतं ते लिहून काढा. जिचं घर पाण्यात जातं तिला पहिल्या फळीत घेऊच नका. तिला पाणी ओसरल्यावर बोलवा. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्या-चिखलातून होणारा आजार) ताप तेव्हाच सुरू होतात, माणसं तेव्हाच कमी पडतात. चिखलात उतरणाऱ्या स्टाफला लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन द्या, आठवड्याला २०० मिग्रॅ. गरोदर असेल तिला नाही. सरावाला निनावी गोळ्यांची पुडी, ग्लुकोमीटर आणि बीपीचं यंत्र टेबलावर ठेवा, एकीला आजी करा. गावातल्या आशाताईंनाही बोलवा, कुणाला काय चालू आहे ते त्यांनाच माहीत असतं. लेखी तीनच गोष्टी घ्या: छावणीचा दिवस म्हणजे ड्युटी, परत आल्यावर ऑफ, आणि तिसऱ्या दिवशी बदली. पॅड आणि कोरडे कपडे किटमध्ये औषधांच्या आधी भरा.

धागाकर्ती:
आभारी आहे. तिसऱ्या दिवशीची बदली डोक्यातच आली नव्हती. पत्र आज टाइप करून दिलं, सही व्हायचीय. म्हशीवालीनं मात्र नाव लिहिलंय, पुढे कंसात "पाणी उतरल्यावर".