मदत हवी आहे: बाण हरणाच्या पोटात लागलाय, माग रात्रीच काढू की सकाळी? (ओहायो, अमेरिका)

मंडळी, घाईत लिहितोय. आज रविवार, 9 नोव्हेंबर, इथे रात्रीचे पावणेआठ वाजलेत. तिकडे पुण्या-मुंबईत नुकतं उजाडलं असेल, पण प्रश्न इथे धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांसाठी आहे. अशी चार-पाच टाळकी या फोरमवर आहेत, हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे.

कोलंबसपासून तासाभरावर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात मी बसतो. लायसन्स, परमिट, मालकाची लेखी परवानगी सगळं आहे. दुसरंच वर्ष. ओकच्या झाडावर अठरा फुटांवर स्टँड (आपलं मचाणच, फक्त लोखंडी), समोर कापणी झालेला मका, मागे ओढा. सध्या रट जोरात आहे, म्हणजे व्हाइटटेल हरणांचे नर माजावर आलेत. एरवी अंधाराशिवाय बाहेर न पडणारे नर उजेडी माद्यांमागे धावतायत.

सव्वापाचला एक मादी आली आणि तिच्यामागे नाक जमिनीला लावून शिंगांना आठ टोकं असलेला नर. चोवीस यार्ड. तोंडाने 'मॅऽ' करून त्याला थांबवायचं, मग बाण सोडायचा, हे शंभरदा वाचलंय. ऐन वेळी घशाला कोरड पडली. चालत्या नरावरच सोडला. फऱ्याच्या मागे बसायचा तो बाण आणखी वीतभर मागे बसला.

नर उधळला नाही. वीस-तीस यार्ड पळाला, मग पाठीची कमान करून, शेपूट खाली घालून सावकाश ओढ्याकडे चालत गेला. मी अर्धा तास वरच बसून राहिलो. हार्नेस (झाडाला बांधून घ्यायचा पट्टा) होता म्हणून, नाहीतर पाय इतके लटपटत होते की खालीच आलो असतो. उतरून बाण पाहिला. आरपार जाऊन मातीत रुतलेला. रक्त जेमतेम, दांडीवर हिरवट-तपकिरी चिकट थर. पिसं नाकाशी नेली, तर जत्रेचा बोकड सोलताना कोठा फुटला की येतो तोच वास.

शेतमालक सत्तरीच्या पुढचे, हयात याच रानात गेलेली. ते म्हणतात, आत्ताच टॉर्च घेऊन जा. पहाटे तीनला पाऊस आहे, रक्त धुऊन जाईल, आणि कोयोटी (इथले लांडग्यासारखे प्राणी) काही शिल्लक ठेवणार नाहीत. मला वाटतं थांबावं. कुणाचं ऐकू?

घाटमाथा: थांबा. अजिबात जाऊ नका. पाठीची कमान, हिरवा थर, वास, तिन्ही खुणा पोटाच्याच आहेत. फुप्फुसात लागला असता तर बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त दिसलं असतं आणि अर्ध्या तासात माग काढला तरी चाललं असतं. यकृतात लागला तर रक्त काळपट लाल. त्याला चारेक तास. पोटाला आठ ते बारा, आणि तुमच्याकडे रात्र आहे. असं जनावर कुणी छेडलं नाही तर जवळच आडोशाला बसतं आणि बहुतेक वेळा तिथेच मरतं. टॉर्च दिसला की उठेल आणि अर्धा मैल जाईल, तेही रक्ताचा थेंब न सांडता. पावसाचं म्हणाल तर पोटातल्या जखमेला तसंही रक्त कमीच सांडतं, धुऊन जायला आहे काय? कोयोटींचा धोका खरा आहे, तो घ्यावा लागेल.

एकतारी: हरणं मारायची आणि वर मदत मागायची! इथे असतात तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आत गेला असतात.

धागाकर्ता: गेलो असतो, मान्य. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे बोलू. आत्ता एक जखमी जनावर रानात पडलंय आणि चूक माझी आहे, तेवढं निस्तरू द्या.

जाईजुई: घाटमाथांशी सहमत. नर शेवटचा दिसला ती जागा मचाणावर असतानाच एखाद्या झाडाच्या खुणेने लक्षात ठेवली होती ना? सकाळी तिथून सुरुवात करा आणि थेट पाण्याकडे बघा. पोटात लागलेली हरणं बऱ्याचदा पाण्याच्या कडेला सापडतात. नाहीच सापडला तर माग काढणारा कुत्रा बोलवा, ओहायोत पट्ट्याला बांधलेला चालतो. काकांना सांगा, त्यांचा सल्ला फुप्फुसाच्या बाणाला बरोबर आहे.

धागाकर्ता (सोमवार): सापडला! रात्रभर डोळ्याला डोळा नाही, तीनला पत्र्यावर पाऊस ऐकत पडलो होतो. साडेसातला मालकांसोबत गेलो. रक्त शून्य. एका तुटलेल्या एल्मच्या खुणेवरून सरळ ओढ्याकडे उतरलो. शेवटच्या जागेपासून दीडशे यार्डही नाही, पाणकणसांत कुशीवर पडलेला. अंग ताठलेलं. कोयोटींनी मागच्या एका मांडीला तोंड लावलं होतं, बाकी शाबूत. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पोट साफ करायला स्वतःच सुरी काढली.

बाराच्या आत नोंदणी झाली. या मोसमाचा माझा नर संपला, इथे वर्षाला एकच मिळतो. आता दुसरी मदत: आतल्या बाजूच्या मांसाला अजून तो वास येतोय. तेवढं कापून टाकू की मिठाच्या पाण्यात ठेवून बघू?

घाटमाथा: हिरवं लागलंय तेवढं कापून टाका, पाण्यात भिजवत बसू नका. पाठीचे पट्टे चांगले असतील.