मदत हवी आहे : हेल्मेट कपाळाला रुततंय, सैल केलं की चष्म्यावर येतं

चिखलमाखा
रविवारी सकाळी मुळशीच्या बाजूला राइड आहे, त्याआधी उत्तर हवंय. माउंटन बाइकचं हेल्मेट, नवीन. अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं. मागचा आवळायचा डायल सैल केला तर दगडगोट्यांच्या उताराला पुढे सरकून चष्म्यावर बसतं. साइज बरोबर आहे, तेव्हा 'साइज बदल' सांगू नका. दुकानदार परत घेत नाही. डायल नेमका किती क्लिक फिरवायचा असतो?

टेकडीकर
क्लिकचा ठरलेला आकडा नसतो. 'साइज बरोबर' म्हणजे टेपने मोजून की दुकानात घालून बघून? डोक्याचा घेर किती? दुखतं कुठे, कपाळाच्या मधोमध की दोन्ही कानशिलांवर? आत पिवळं प्लास्टिक (मिप्स, म्हणजे सरकता थर) आहे का? एवढं सांगितल्याशिवाय सगळे अंधारात तीर मारणार.

नाना_नाशिककर
हाफ शेल (हनुवटी उघडी ठेवणारं) उताराला कामाचंच नाही. फुल फेस (हनुवटीही झाकणारं) घ्या. गालाच्या पॅडवरही पकड असते, कपाळावर तेवढा भार येत नाही. पॅड वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, हवे तसे बदलायचे.

चिखलमाखा
नाना, चढ पण चढायचाय मला. फुल फेस नको.
टेकडीकर, साइज एम, आत ५५-५९ लिहिलंय. घेर ५७.५. दुखतं मधोमध, भुवयांच्या तीन बोटं वर. काढल्यावर आडवा लाल वळ असतो. पिवळं प्लास्टिक आहे. आता सांगा.

टेकडीकर
घेर भुवयांच्या वर दोन-अडीच सेंमीवरून, कानांच्या वरून, मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून घेतला असशील तर साइज ठीक आहे. ५७.५ म्हणजे त्या पट्ट्याच्या मधलाच आकडा.

मग मागचा क्रेडल बघ. डायल ज्या प्लास्टिकच्या कमानीवर असतो ती कमान. डोक्याच्या मागे हाडाचा उंचवटा असतो, क्रेडल त्याच्या खाली अडकायला हवा. उंचवट्यावरच बसला तर डायल आवळताना तो वर घसरतो, हेल्मेट पुढे ढकलतो आणि सगळा दाब कपाळावर येतो. सैल केलं की धरायला काहीच उरत नाही. तुझ्या दोन्ही तक्रारी यातून निघतात.

आत क्रेडलच्या पट्टीला तीन-चार खाचा असतात. खुंटी उपटून एक खाच खाली लाव. पिवळ्या थरामुळे जागा अरुंद असते, नखाने जमलं नाही तर सपाट चमचा वापर, स्क्रूड्रायव्हर नको.

गियरतेल
एवढा खटाटोप कशाला? जिथे रुततं तिथे आतला थर्मोकोल चमच्याच्या पाठीने दोन-तीन मिलिमीटर दाबून घ्या. नाहीतर सँडपेपर. पाच मिनिटांचं काम.

सह्यचाक
गियरतेल, हे कृपा करून कुणी करू नका. तो फोम एकदाच चिरडण्यासाठी असतो. अमेरिकेच्या सीपीएससी (ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग) चाचणीत हेल्मेट २ मीटरवरून सपाट लोखंडावर पडतं आणि आतल्या डोक्याला बसणारा झटका ३०० जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट) आत राहावा लागतो. तो झटका खातो फोमची जाडी चिरडून. जिथे जाडी मुळातच २०-२५ मिमी, तिथे तुम्ही ३ मिमी आधीच चिरडून ठेवणार, तेही नेमकं कपाळावर!

धागाकर्त्याला : हा क्रेडलचा नाही, डोक्याच्या आकाराचा प्रश्न आहे. घेर तोच असला तरी डोकं लांबट असतं किंवा गोल. लांबट डोकं गोल हेल्मेटमध्ये घातलं की कपाळ आणि मागची बाजू दबते, कानांवर फट राहते. गोल डोक्याला उलटं, कानशिलं दुखतात. भिंतीला डोकं टेकून उभा राहा, कपाळाला पुस्तक लाव, भिंत ते पुस्तक मोज. मग कानांच्या वर दोन्ही बाजूंना दोन पुस्तकं लावून रुंदी. रुंदीला लांबीने भाग. आकडा जितका लहान, डोकं तितकं लांबट.

मिप्सविरोधी
पिवळा थर काढून टाका. जागा होते, हवाही खेळते.

सह्यचाक
काढायचा नाही. आपटल्यावर डोकं आणि कवच यांच्यात दहा-पंधरा मिमी सरकायला वाव मिळावा म्हणून तो असतो, तिरक्या मारात डोक्याला बसणारा पीळ कमी व्हावा म्हणून. शिवाय बहुतेक मॉडेलांत पॅड त्या थरालाच चिकटतात. तो काढला की पॅड लावणार कुठे? आणि थर हाताने थोडा हलतो म्हणून हेल्मेट सैल समजून डायल आवळू नका. ही चूक सर्रास होते.

मिप्सविरोधी
आणि त्या आधीची हेल्मेटं काय खोटी होती?

सह्यचाक
खोटी नव्हती. त्यांचा फोम त्या थराशिवाय आखलेला होता, तुमच्याकडच्याचा नाही.

अण्णा_५६
आयएसआय मार्क बघून घ्या, बाकी सगळी परदेशी फॅशन. कायद्यानेच बंधनकारक आहे.

टेकडीकर
अण्णा, १ जून २०२१ पासून जे बंधनकारक आहे ते मोटरसायकल-स्कूटरच्या हेल्मेटसाठी, आयएस ४१५१. सायकलसाठी आत युरोपच्या ईएन १०७८ किंवा अमेरिकेच्या सीपीएससीचा स्टिकर बघायचा. स्कूटरचं हेल्मेट घालून सिंहगडचा घाट सायकलने चढून बघा, कपाळ राहू दे, मेंदू उकडेल.

चिखलमाखा
विषयावर या हो. लांबी २०.५, रुंदी १४.८. क्रेडल एक खाच खाली केला, फरक शून्य. उलट डायल आवळला की वर चढतो. आज फक्त चाळीस मिनिटं घातलं आणि लाल वळ आलाच. वळात बारीक ठिपके पण दिसतात, एका ओळीत.

सह्यचाक
०.७२. लांबट डोकं. म्हटलं नव्हतं? तुझं हेल्मेट गोल घडणीचं असणार. बदलण्याला पर्याय नाही. कानांवर बोट जातं का बघ.

ऊन_सावली
थांबा. हेल्मेटच्या पॅडने गुळगुळीत, रुंद, फिकट लाली येते. ओळीत ठिपके येत नाहीत. हेल्मेटच्या आत काय घालता?

चिखलमाखा
टोपी. घाम डोळ्यांत येतो म्हणून. सगळेच घालतात ना?

ऊन_सावली
कोणती टोपी आणि कशी?

चिखलमाखा
साधी क्रिकेटची. चोच मागे करून, नाहीतर व्हायझरला लागते.

ऊन_सावली
म्हणजे टोपी लहानमोठी करायची प्लास्टिकची पट्टी, भोकं-बटणंवाली, बरोबर कपाळावर येते. ते ठिपके त्या बटणांचे. डायल आवळला की पॅड ती पट्टी कपाळात दाबतो. मागे चोचीचा पुठ्ठा क्रेडलखाली शिरतो, म्हणून क्रेडल उंचवट्याखाली बसूच शकत नाही, आवळला की पुठ्ठ्यावरून वर चढतो. आणि टोपीच्या शेंड्यावरचं बटण हेल्मेट आतून उचलून धरतं ते वेगळंच.

टोपी काढून हे करा :
डायल पूर्ण सैल. हेल्मेट आडवं, कडा भुवयांच्या दोन बोटं वर. क्रेडल हाताने उंचवट्याखाली ओढून धरा, मग डायल. पट्टा न लावता मान खाली घालून हलवली तर पडू नये, एवढंच आवळायचं, पुढे एक क्लिकही नाही.
मग पट्टे. वाय आकाराचा सांधा कानाच्या पाळीच्या किंचित खाली. हनुवटीखाली दोन बोटं जावीत. मोठा 'आ' केला की हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं जायला हवं. मागून बोटांनी उचलून पुढे ढकलून बघा, चष्म्यापर्यंत आलं तर मागचे दोन पट्टे आवळून आखूड करा. समोरून मागे जात असेल तर पुढचे. डायल डोक्यावर बसवायला असतो, उताराला पुढे येणं पट्टे थांबवतात. लोक सगळं काम डायलकडून करून घेतात आणि डोकं दुखवून घेतात.

केस लांब असतील तर बुचडा क्रेडलच्या खाली, वर नाही. (हे कुणी विचारलं नव्हतं, पण विचारतातच.)

नाना_नाशिककर
फुल फेसमध्ये ही टोपीची भानगडच नाही.

टेकडीकर
टोपी घालतोस हे पहिल्याच प्रतिसादात सांगितलं असतंस तर माझा चमचा वाचला असता. क्रेडल परत वरच्या खाचेत घालून बघ, टोपीशिवाय तीच बरोबर बसण्याची शक्यता आहे.

चिखलमाखा
टोपी असते हे काय सांगायचं, मला वाटलं. बरं, बिनटोपीचं पाऊण तास घरात घालून बसलो, जिन्यावरून चार वेळा उड्या मारत उतरलो. वळ नाही. वरच्या खाचेत बसलं. मागचे पट्टे तीन बोटं सैल होते, आवळले, आता पुढे येत नाही. पण घामाचं काय?

ऊन_सावली
बिनबटणाची, बिनपट्टीची पातळ सुती सायकलची टोपी, किंवा एक पदरी रुमाल, घडी न घालता. जे घालाल ते घालूनच डायल आणि पट्टे परत लावा. कपाळाच्या पॅडमागे सिलिकॉनची पन्हाळ असलेल्या पट्ट्याही मिळतात, घाम कानाकडे वळवतात. नवे पॅड चिकटवताना पिवळा रबरी गोंद लावू नका, थर्मोकोल विरघळतो. पाठीला स्वतःचा चिकट थर असलेला वेल्क्रो घ्या.

सह्यचाक
टोपीचं मान्य. तरी ०.७२ आहे ते आहेच. पाऊण तास घरात वेगळा, तीन तास उन्हात वेगळे. रविवारी मागच्या बाजूला पण दुखलं तर माझी आठवण काढ.

चिखलमाखा
कानांवर बोट जातं, हो. अर्धंच. रविवारी कळवतो.

गियरतेल
पॅड धुवायचे कसे? माझ्या हेल्मेटला वास येतो.

ऊन_सावली
काढून कोमट पाण्यात, थोड्या शाम्पूने. पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. आणि गियरतेल, त्यात तुम्ही चमचा चालवला असेल तर आधी हेल्मेट बदला, मग वासाचं बघू.